जीभ बाहेर ठेवलेला रोल

संग्रहालयाच्या बाई जेवायला येणार होत्या, त्या सकाळच्या चहालाच येऊन बसल्या आणि थोरलीचं सगळं राजकारण पाण्यात गेलं. तिचा बेत साधा होता. पाहुणी यायच्या आत भावाला एका कोपऱ्यात घ्यायचं, बाबांना दुसऱ्या, आणि जेवायला बसेपर्यंत घर एका सुरात बोलायला लावायचं. पण आता बाई आईच्या स्टुडिओत खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, भाऊ खाली दवाखान्यात कुणाची तरी अक्कलदाढ काढत होता, आणि बाबा पाहुणीला खिडकीतून समोरचा रस्ता असा दाखवत होते जणू तो त्यांनीच बांधलाय.

टेबलावर, मिठाच्या बाटलीशेजारी, पत्र्याच्या गोल डबीत तो फिल्मचा रोल होता. आईला जाऊन वर्ष व्हायला आलं होतं आणि गेल्याच आठवड्यात स्टुडिओतलं फडताळ आवरताना तो थोरलीच्या हाती लागला, अजून न धुतलेला. रोल धुवायची आईची डार्करूम म्हणजे खाली दवाखान्यातली एक्स-रेची खोली. "दातांच्या डॉक्टरशी लग्न केल्याचा मला झालेला एकमेव फायदा," असं आई मुलाखतींतून सांगायची, आणि बाबा ती कात्रणं कौतुकाने दवाखान्याच्या भिंतीवर लावायचे.

"हाच का तो?" बाईंनी विचारलं. हात मात्र त्यांनी मांडीवरच ठेवले. शिकलेले हात होते ते, परवानगीशिवाय कशाला लागत नसत.

"हाच. उघडून बघितला आणि लगेच बंद केला," थोरली म्हणाली. "जीभ बाहेर आहे."

"जीभ?"

"दंतवैद्याचं घर आहे बाई, आम्ही दुसरं काय म्हणणार? आई आधी अख्ख्या रोलवर स्वतः फोटो काढायची. मग उलटा गुंडाळायची, पण पूर्ण आत जाऊ द्यायची नाही. बोटभर फिल्म बाहेर ठेवायची, ती जीभ. आणि मग तो रोल ज्याचा नंबर असेल त्याच्या कोटाच्या खिशात. त्याने तो पुन्हा कॅमेऱ्यात भरायचा आणि आईच्या फोटोंवरच आपले फोटो काढायचे. तिने काय काढलंय हे विचारायचं नाही. तिनेही सांगायचं नाही."

"एका चौकटीत दोन माणसं," बाई म्हणाल्या. हे त्यांना पाठच होतं. यावर त्यांनी अर्धं पुस्तक लिहिलं होतं. पण ऐकताना डोळे लकाकले.

"आणि सुरुवात माझ्या मूर्खपणातून झाली," बाबा खिडकीपासूनच म्हणाले. "नवीन लग्न. जीभ दिसली, मला वाटलं कोरा रोल आहे. भरला आणि दवाखान्यातल्या कवळ्यांचे फोटो काढून टाकले. ही माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मग धुतल्यावर बघते तर तिच्या बाजारपेठेतली सगळी माणसं दातांच्या रांगांवरून चाललीयेत. तिसऱ्या दिवशी माझ्या खिशात दुसरा रोल."

तो कवळ्यांचा रोल आता जगातल्या निम्म्या कलाशाळांत शिकवतात. तेव्हा मात्र चित्रकार म्हणायचे, ही फोटोग्राफर आहे. फोटोग्राफर म्हणायचे, ही चित्रकार आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी तिची गत. पहिलं प्रदर्शन तिने दवाखान्याच्या बाकांसमोर भरवलं. गाल सुजलेली माणसं कपाळाला आठ्या घालून तिची चित्रं बघत बसायची. त्यांतल्या कुणी नावं ठेवली नाहीत, कारण कुणाला तोंडच उघडता येत नव्हतं, असं आई म्हणायची.

जेवायला मधला भाऊ वर आला तो हात पुसत, मागोमाग वहिनी सुपाचं भांडं घेऊन. बसल्या बसल्या थोरलीने विषय काढला, कारण आता लपवाछपवी करण्यात अर्थ नव्हता.

"बाईंचं म्हणणं असं, की रोल आहे तसाच धुवायचा. त्याच्यावर कुणी काही काढायचं नाही. आईचं शेवटचं काम. फक्त आईचं."

"प्रदर्शनात तीन खोल्या आहेत," बाई म्हणाल्या. "पहिली डॉक्टरसाहेबांबरोबरच्या रोलांची, दुसरी तुमच्या, तिसरी तुमच्या भावाच्या. शेवटी एक लांब भिंत मी रिकामी ठेवलीय. तिथे एकट्या त्यांची नजर दिसावी असं मला वाटतं."

थोरलीला हे वाक्य फार आवडलं होतं. फोनवर ऐकल्यापासून ती ते मनात घोळवत होती. आईचा पत्रव्यवहार, परवानग्या, प्रदर्शनांना उसनी दिलेली चित्रं, सगळं तिनेच बघितलं होतं. घरात तिला आईची वकील म्हणत. आणि वकिलाला एकदा तरी आपलं अशील एकटं, स्वच्छ उभं राहिलेलं बघावंसं वाटतं. तिच्या फोटोंवर कुणाच्या कवळ्या नाहीत, कुणाच्या सायकली नाहीत.

"मला नाही पटत," मधला म्हणाला. "बाबांनी काढावेत वरचे फोटो. त्यांच्यापासून सुरू झालं, त्यांच्यापाशी संपू दे."

"बाबांचे हात थरथरतात."

"थरथरू देत की. आजकाल त्यालाच कला म्हणतात."

"तू दात काढ. कलेचं आम्ही बघतो."

"ताई, दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण या घराचं त्याच्यावरच भरलंय हे विसरू नकोस. तुझ्या आईच्या फिल्मसकट."

"आता कशी ती माझीच आई झाली," थोरली म्हणाली. वहिनीने दोघांच्या ताटलीत पाव वाढला. या घरात नांदायचं तर भांडणाच्या मध्ये वाढप करता आलं पाहिजे, हे ती लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकली होती.

तेवढ्यात जिन्यात शिडी आपटल्याचा आवाज आला आणि शेंडेफळ आत आलं. शेंडेफळ म्हणजे घरातली धाकटी, दादाहून बारा वर्षांनी लहान, इमारतींत वायरिंग करते, आणि आत्ताही कंबरेला पक्कड-टेस्टरचा पट्टा तसाच होता.

"सॉरी, समोरच्या इमारतीत अख्खा मजला अंधारात होता. कुठवर आलंय?"

"ताई म्हणते, आहे तसा धुवा. तुझा दादा म्हणतो, बाबांनी वरचे फोटो काढावेत," वहिनीने थोडक्यात सांगितलं. "तुझं काय?"

"माझं काय. तुम्ही ठरवाल ते," शेंडेफळ म्हणालं आणि सूप ओढून घेतलं.

आता खरं सांगायचं तर तिचं काय, हे ती गेला आठवडाभर शिडीवर उभी राहून घोकत होती. ती जन्मली तेव्हा आईने कॅमेरा बाजूला ठेवून रंग हातात घेतले होते. रोल खिशात सापडायचे दिवस संपले होते. लहानपणी तिने रोज सकाळी कोटाचा खिसा चाचपून बघितला होता. रुमाल सापडायचा, एकदा अर्धं बिस्कीट. पुढे शेवटच्या दोन वर्षांत आईने कॅमेरा पुन्हा बाहेर काढला, आणि हिला वाटलं, आता. पण आई गेली आणि खिसा रिकामाच राहिला. तीन खोल्या, तिन्ही दुसऱ्यांच्या. हा एक रोल तिला हवा होता, इतका की डबीकडे बघायचीही तिला भीती वाटत होती. पण ती मागणार नव्हती. मागून घेतलेला नंबर हा नंबर नव्हे, तो खाऊ.

"बाबा, तुम्ही बोला ना काहीतरी," मधला म्हणाला. "मूग गिळून काय बसलात?"

बाबांना बोलायचं नव्हतं, कारण बोलले असते तर खरं बोलावं लागलं असतं, आणि खरं असं होतं की ते मनातून थोरलीच्या बाजूचे होते. शेवटच्या दिवसांत बायको रोज सकाळी कॅमेरा घेऊन या स्टुडिओत दार लावून बसायची. काय काढतेस हे त्यांनी विचारलं नाही. चाळीस-पन्नास वर्षांची सवय. आता रोल तसाच धुतला, तर तिने शेवटी काय बघितलं ते त्यांना बघायला मिळालं असतं, अगदी तिच्याच डोळ्यांनी, मध्ये कुणी न येता. यापेक्षा जास्त त्यांना या वयात काही नको होतं. कलेशी त्याचा काही संबंध नव्हता. त्यांना बायकोची आठवण येत होती, एवढंच.

मग त्यांचं लक्ष धाकटीकडे गेलं. ती डबी सोडून टेबलावरच्या प्रत्येक वस्तूकडे बघत होती. लहानपणी ताटलीत शेवटचा तुकडा उरला की ती अशीच "मला नको" म्हणायची आणि खिडकीबाहेर बघत राहायची. तो तुकडा मग दादा खायचा.

"मी काढणार नाही," बाबा म्हणाले. "माझी एक अख्खी खोली आहे. अजून किती हावरटपणा करू?"

"मग झालं तर," मधल्याने हात वर केले. "बाबा नाही म्हणतायत तर मी ताईच्या बाजूने. धुवा तसाच."

थोरलीला इतक्या सहज जिंकायची सवय नव्हती. भाऊ आपल्या बाजूला आलाय यावर विश्वास बसेना, म्हणून ती उगाच पुढे बोलत राहिली. बोलता बोलता ती उठली, संग्रहालयात पाठवायचा आईचा कॅमेरा तिने कपाटातून काढला, बाईंना दाखवायला म्हणून त्याचं पाठचं झाकण उघडलं आणि टेबलापाशी आली.

"कारण हे बघा, हा हट्ट नाही माझा. आईने आयुष्यभर सगळ्यांना जागा दिली. एका रोलाला तरी कुणी हात लावू नये. आपल्यापैकी कुणी, मी धरून, या फिल्मला बोटसुद्धा लावलं तर तो आईवर अन्याय आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बाहेरच्यांनी नाही, पण आपणच तिला–"

"ताई," शेंडेफळ म्हणालं.

"मला पुरं करू दे. आपणच तिला कधी एकटं सोडलं नाही. म्हणून मी म्हणते–"

"ताई, हात बघ."

थोरलीने खाली बघितलं. डबी उघडी होती. रोल कॅमेऱ्यात बसला होता, जीभ पलीकडच्या चकतीच्या खाचेत अडकवलेली होती आणि तिचा अंगठा फिल्म ताणून धरत होता. बोलण्याच्या भरात तिने तो भरला होता. या घरात जीभ दिसली की हात थांबत नसत. इतर घरांत लहानपणी बुटांची नाडी बांधायला शिकवतात, इथे हे शिकवलं होतं.

वहिनी पहिल्यांदा हसली. मग मधला टेबलावर डोकं टेकून हसला, आणि बाबांना ठसका लागला. संग्रहालयाच्या बाई तेवढ्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"घाबरू नका, अजून काही झालं नाही, ही फक्त जीभ आहे," थोरली म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ती रोल परत काढायला गेली आणि थांबली. अंगठ्याच्या बाजूला फिल्मवर एक बारीक रेघ होती. पांढऱ्या पेन्सिलची.

हसणं हळूहळू बंद झालं.

"काय आहे?" बाईंनी विचारलं.

"खूण," मधला म्हणाला. आता तो उठून बहिणीच्या खांद्यावरून बघत होता. "दुसऱ्या माणसाने इथून सुरू करायचं. ही रेघ या कडेला जुळवली की तुमची चौकट बरोबर आईच्या चौकटीवर बसते."

"जीभ चुकून बाहेर राहू शकते," बाई सावकाश म्हणाल्या. "मी तसंच धरून चालले होते. पण रेघ चुकून मारता येत नाही." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. लांब भिंत त्यांच्या डोळ्यांसमोरून जात होती, आणि तरी त्यांना बरं वाटत होतं, कारण निदान आता खरं काय ते कळलं होतं. "म्हणजे हा रोल पुरा झालेलाच नाही. अर्धं काम त्यांचं म्हणून मी लावू शकत नाही."

थोरली कॅमेरा हातात धरून उभी राहिली. वकिलाने भर कोर्टात आपल्याच विरुद्ध साक्ष द्यावी, तसं झालं होतं. पण राग येईना. आई एकटी कधी उभी राहणारच नव्हती, तिला ते नकोच होतं, आणि हे आपल्याला ठाऊक असून आपण आठवडाभर उगाच तिला एकटं करायला निघालो होतो, असं तिला वाटलं आणि हलकंही वाटलं.

"पण कुणासाठी?" ती म्हणाली. "मला सापडला तो फडताळात. कुणाच्या खिशात नव्हता."

"खिशात टाकायला जिने उतरावे लागले असते," बाबा म्हणाले. "शेवटी तिला ते कुठे जमत होतं? आणि कुणासाठी हे काय विचारतेस? तुझे झाले, याचे झाले, माझे झाले. राहिलं कोण?"

शेंडेफळाने चमचा खाली ठेवला.

"मी बिघडवला तर?" ती म्हणाली.

"म्हणजे हवाय तुला," थोरली म्हणाली.

"हवाय."

"मग आधी बोलायला काय झालं होतं गं?"

"तुम्ही कधी मागितला होता?"

थोरलीने रेघ कडेला नीट जुळवली, झाकण लावलं, आणि कॅमेरा बहिणीच्या हातात न देता तिच्या खुर्चीवर अडकवलेल्या कोटाच्या खिशात सरकवला. कॅमेरा मोठा आणि खिसा लहान, त्यामुळे दोनदा ढकलावा लागला. बाबा तोंड वळवून पाणी प्यायले. त्यांना आता कळणार नव्हतं ती शेवटी काय बघत होती ते, निदान स्वच्छ कळणार नव्हतं, आणि ते त्यांनी घोटाबरोबर गिळलं.

पुढचे काही दिवस शेंडेफळ कॅमेरा घेऊन कामावर गेलं. तिने काय काढलं ते कुणी विचारलं नाही. आणि एका दुपारी, खाली पेशंट नव्हते तेव्हा, तिने आणि दादाने मिळून रोल धुतला. वाळल्यावर बाबांनी एक्स-रे बघायचा दिवा लावून फिल्म त्याच्यावर पसरली. उलटा फोटो, काळ्याच्या जागी पांढरं आणि पांढऱ्याच्या जागी काळं. तुम्हाआम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण ज्याने जन्मभर अशा पट्ट्यांवर कीड शोधली, त्याला ते वर्तमानपत्रासारखं वाचता येतं.

ते वाकून एकेक चौकट बघत गेले.

"बिघडला?" शेंडेफळाने विचारलं.

"नाही. ही तुझी शिडी. ही मीटरची पेटी. ही ताई फोनवर कुणाला तरी झापतेय. सगळं अगदी स्पष्ट आहे." त्यांनी भिंग लावलं. "फारच स्पष्ट आहे."

"आणि आईचं?" मधल्याने विचारलं. "आईचं कुठाय?"

"कडेला. बघ, इथे खिडकीची चौकट, तेवढीच. पुढच्यात पडद्याची एक घडी. इथे तिच्या ब्रशांची टोकं. बाकी सगळा अंधार काढलाय तिने. काळं कापड धरलं असणार समोर."

"अंधार कशाला काढेल?"

"अंधार काढला की फिल्म तेवढी कोरी राहते," बाबा म्हणाले. "वर येणाऱ्यासाठी."

थोरली पुढे झाली. "मला नाही कधी सोडली अशी जागा," ती म्हणाली. "मी माझी नवी सायकल काढली होती. तिने खाली अख्खा पूल काढून ठेवलेला. हँडल तेवढं वर आलं. मी रडले होते, आणि लोक त्याला तणाव म्हणतात."

"माझं मांजर तिच्या गर्दीत गेलं ते गेलंच," मधला म्हणाला.

"आमची तिच्याशी मारामारीच चालायची," बाबा म्हणाले. "तिला तीच आवडायची." बोलता बोलता ते पट्टीच्या टोकापर्यंत आले. मग त्यांनी भिंग धाकटीच्या हातात दिलं आणि बाजूला सरकले.

शेवटची चौकट उरली तेव्हा शेंडेफळाला काय काढावं ते सुचलं नव्हतं. लिफ्टमध्ये होती, आरसा होता, म्हणून तिने स्वतःलाच काढलं होतं, पट्ट्यासकट. ती तिथे होती, बरोबर मधोमध. आणि डाव्या कडेला, स्टुडिओच्या आरशात, कॅमेरा पोटाशी धरून आई उभी होती. आयुष्यात तिने स्वतःचा फोटो काढल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. ती चौकटीला इतकी चिकटून उभी होती की तिचा एक खांदा बाहेर गेला होता, आणि मधली सगळी जागा तिने मोकळी सोडली होती.

धाकटी भिंग खाली ठेवेना. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती, आणि दोन्हींतलं काही लपवायचा तिने प्रयत्न केला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "आई माझ्यासाठी सरकून उभी राहिलीय."